वय नको, काम सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत दीर्घायुषी कलावंतांवर लेख आला. त्यात अमेरिकी पियानोवादक आणि संगीतकार युबी ब्लेक यांच्या वाट्याला चार ओळी आल्या आणि त्या चारही त्यांच्या शंभरीबद्दल. ते स्वतः जन्मसाल १८८३ सांगत, पण कागदपत्रांत ते १८८७ आहे. म्हणजे १२ फेब्रुवारी १९८३ रोजी ते गेले तेव्हा ९६ वर्षांचे होते. वाद वयाचा नाहीच. या माणसाने काय केले ते वाचकांपर्यंत पोहोचले नाही, याचे वाईट वाटले.

बाल्टिमोरच्या या मुलाचे आईवडील गुलामगिरीतून सुटून आलेले. घरात ७५ डॉलरचा ऑर्गन आला तो आठवड्याला २५ सेंटच्या हप्त्याने. आई कडक धार्मिक, रॅगटाइम (तेव्हाचे ठेकेबाज, उडते पियानोसंगीत) तिला घरात खपत नसे. मुलगा मात्र रात्री खिडकीतून सटकून कुंटणखान्यात पियानो वाजवायला जाई. पुढे १९१५ मध्ये गायक-गीतकार नोबल सिसल भेटले आणि जोडी जमली. दोघेही कृष्णवर्णीय वाद्यवृंदप्रमुख जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदांशी जोडले गेले. (याच युरोप यांच्याकडे पूर्वी वाजवलेले ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.)

पहिल्या महायुद्धानंतर ही जोडी व्हॉदव्हिलमध्ये उतरली. एकाच तिकिटात गाणी, नकला, कसरती, जादू असा तो मामला. तिथे कृष्णवर्णीय कलाकाराने तोंडाला काजळी फासून हास्यास्पद दिसायचे, हा दंडकच होता. या दोघांनी तो धुडकावला. झकपक सूट घालून ते रंगमंचावर येत, ब्लेक पियानोशी बसत, सिसल गात. मला यातले धैर्य फार मोठे वाटते, कारण यात पोटाचा प्रश्न होता.

मग २३ मे १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या ६३व्या रस्त्यावर ‘शफल अलाँग’ हे संगीत नाटक उघडले. संगीत ब्लेक यांचे, गीते सिसल यांची, संहिता मिलर आणि लाइल्स या विनोदी नटांच्या जोडीची. त्यात मिलर-लाइल्स काजळी फासूनच विनोद करत, हेही सांगायला हवे. पण त्याच नाटकात कृष्णवर्णीय नायक-नायिकेचे सरळ, गंभीर प्रेमगीत होते. गोऱ्या प्रेक्षकांना ते सहन होईल का, याची चौघांना धास्ती. सिसल यांनी नंतर सांगितले आहे की ते, मिलर आणि लाइल्स बाहेरच्या दारापाशी पळायच्या तयारीत उभे होते. ब्लेक यांना मात्र हलता येत नव्हते. ते समोर वाद्यवृंद चालवत होते, टोमॅटो बसले असते तर पहिले त्यांच्या टकलावर! प्रत्यक्षात टाळ्या पडल्या, ‘वन्स मोअर’ मिळाला. नाटकाचे ५०४ प्रयोग झाले.

वादकांची गोष्ट मला त्याहून जिव्हारी लागते. विल्यम ग्रँट स्टिल यांच्यासारखे कसलेले वादक त्या ताफ्यात होते, तरी सगळे संगीत तोंडपाठ करून, समोर कागद न ठेवता वाजवले जाई. ब्लेक यांनी कारण सांगितले आहे: या लोकांना स्वरलिपी वाचता येते, यावर गोऱ्या प्रेक्षकांचा विश्वासच बसत नसे. सगळे नैसर्गिक देणगीने येते, अशीच त्यांची समजूत. शिक्षण लपवले की कौतुक होई! तेच ब्लेक साठीच्या आसपास न्यूयॉर्क विद्यापीठात संगीतरचना शिकले आणि १९५० मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले.

पुढच्या एखाद्या पुरवणीत ‘शफल अलाँग’वर पानभर लेख द्यावा, ही विनंती. १९२३ मध्ये अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी सिसल-ब्लेक जोडीचे आवाजासह चित्रीकरण केले होते, बोलपट रूढ होण्याच्या कितीतरी आधी. लेखकाने ते आधी जरूर पाहावे.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर