धुम्यावरची कणीक

ठाणे,
२२ ऑगस्ट

प्रिय बाळा,

आई परवा दवाखान्यातून घरी आली. जिन्याच्या चौदा पायऱ्या चढायला तिला दहा मिनिटं लागली, पण कुणाचा हात म्हणून धरला नाही. खुर्चीत टेकल्यावर पहिला प्रश्न, "बाळाक कळवलंस?" तब्येतीचं तुला फोनवर सांगितलंच आहे. पण त्या नऊ दिवसांत माझ्या डोक्यात जे चाललं होतं, ते फोनवर सांगायला घेतलं की अर्धं राहून जातं. म्हणून हे पत्र.

शिमग्यातली ती रात्र आठवते ना? डबलबारी, दोन बुवांची ती भजनांची जुगलबंदी, संपली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. मांडवात तू पखवाज मांडीवर घेऊन धुम्यावरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, वाळलेली कणीक नखानं खरवडत बसला होतास. मी माझा हेडफोन तुझ्या कानांवर चढवला, त्यात यंत्रावर केलेलं हिप-हॉप चालू होतं. मिनिटभर ऐकलंस आणि काढून दिलास. "यंत्राक हात खंय असतत?" एवढंच म्हणालास. मी गप्प बसलो, कारण मला नीट उत्तर येत नव्हतं. आज देतो.

तुझ्या धुम्यापासूनच सुरुवात करू. कोरडा धुमा टणटण करतो. तू कणीक मळतोस, पाण्याचा हात लावून थापतोस, एक थाप मारून बघतोस, चिमूटभर काढतोस, पुन्हा थापतोस. मग तो खोल जातो आणि घुमारा रेंगाळायला लागतो. आता हे ऐक. रोलँड या जपानी कंपनीनं १९८० साली टीआर-८०८ नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं. त्यातला ड्रम खऱ्या ड्रमसारखा वाजत नाही अशी तक्रार झाली, खप झाला नाही, आणि तीनेक वर्षांत ते बंदही पडलं. उणेपुरे बारा हजार नग निघाले असतील. पण त्याच्या बास ड्रमला एक खुंटी होती. ती फिरवली की ठोका विझता विझत नाही, जमिनीतून येतोय असा घुमत राहतो. शिवाय कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर, म्हणजे यंत्राच्या पोटातले बारीक इलेक्ट्रॉनिक भाग, घातले होते. दुसऱ्या कुणी कचऱ्यात टाकले असते असे. त्या दोषातून एक सळसळ यायची आणि तीच त्यांना हवी होती. पुढे कारखाने सुधारले, तसले ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि यंत्र बनवणंच थांबलं. मला विचारशील तर ते ट्रान्झिस्टर म्हणजे त्या यंत्राची कणीक.

हे यंत्र हिप-हॉपवाल्यांच्या हाती कसं आलं तेही सांगतो. हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत हल्ली हल्ली एकत्र आले असं लोक समजतात, ते खरं नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आफ्रिका बंबाटा हा डीजे आपल्या पार्ट्यांमध्ये क्राफ्टवर्कच्या तबकड्या लावायचा. क्राफ्टवर्क म्हणजे जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचे लोक. आम्ही माणसं नाही, यंत्रंच आहोत अशा थाटात ते स्टेजवर उभे राहायचे. १९८२ साली बंबाटा आणि निर्माता आर्थर बेकर यांनी 'प्लॅनेट रॉक' केलं तेव्हा त्यांच्याकडे ८०८ नव्हतं. वर्तमानपत्रात छोटी जाहिरात होती : ड्रम मशीनवाला माणूस, एका बैठकीचे वीस डॉलर. त्याला बोलावलं, क्राफ्टवर्कचा ठेका ऐकवला आणि तसाच वाजवायला सांगितलं. वर जॉन रॉबीनं सिंथेसायझरवर क्राफ्टवर्कचीच सुरावट घेतली आणि त्यावर पोरांनी यमकं जुळवत आरोळ्या ठोकल्या. जर्मनीची थंड सुरावट, जपानचं नापास झालेलं यंत्र आणि ब्राँक्सच्या पोरांचा आवाज, असं ते गाणं आहे. ते रस्त्यारस्त्यावर वाजलं.

पण तुझं उत्तर यात नाही. यात कणीक आहे, हात नाही. हात अमेरिकेतल्या डेट्रॉइटला सापडतो.

जेम्स यान्सी, म्हणजे हिप-हॉपचे ठेके बनवणारा जे डिला. जन्म १९७४. त्याचं वाद्य म्हणजे अकाईची एमपीसी ३०००, सोळा रबरी चौकोन असलेली पेटी. चौकोनावर बोट मारलं की त्यात भरलेला आवाज वाजतो. या पेटीत एका मात्रेचे शहाण्णव बारीक भाग असतात आणि तिला एक सोय आहे : तुझा ठोका थोडा इकडेतिकडे पडला तरी ती उचलून जवळच्या घरात बसवते. सगळं सरळ, सगळं बरोबर. तू ज्याला 'मेलेला ठेका' म्हणतोस तो यातूनच येतो. डिला ही सोय हवी तिथे बंद करायचा आणि त्या शहाण्णव भागांत बोटांनी जागा शोधायचा. हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, सरळ चाललेलं असे, स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम केसभर आधी येई, आणि बास ड्रम जिथे यायला हवा तिथे न येता जरासा मागे पाय ओढत. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, चुकलाय. चौथ्या आवर्तनाला मान आपोआप हलायला लागते. अरे, बुवा आलापात लांब गेले की तू समेवर येतोस, पण अगदी समेवर नाही, एक श्वास उशिरा. ऐकणाऱ्यांच्या पोटात खड्डा पडतो. तो एक श्वास डिलानं यंत्राकडून काढून घेतला.

'द रूट्स' या हिप-हॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह घड्याळासारखं वाजवण्यासाठी घाम गाळायचा. डिला ऐकल्यावर तो हादरला, आणि पुढे असं 'चुकीचं' वाजवता यावं म्हणून त्यानं नव्यानं मेहनत घेतली. यंत्रावर वाजवलेल्या लयीची नक्कल हाडामांसाचे वादक करायला लागले. तुझा प्रश्न उलटा फिरला की नाही?

डेट्रॉइट हे टेक्नोचंही, म्हणजे यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताचंही शहर आहे, म्हणून डिलाला हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक हे वेगळे प्रांत वाटतच नव्हते. २००१च्या अल्बमवर त्यानं क्राफ्टवर्कला मानवंदना दिली आहे. 'डोनट्स' या शेवटच्या अल्बमवर तर रेमंड स्कॉट आहे. १९०८ साली जन्मलेला हा माणूस स्वतःची इलेक्ट्रॉनिक वाद्यं स्वतःच बनवायचा आणि त्यांवर जाहिरातींचं संगीत करायचा. सौंदर्यप्रसाधनांच्या त्याच्या एका जुन्या जाहिरातीचे तुकडे करून डिलानं ते असे जोडलेत की बाईचा गोड आवाज आणि बीप-बीप करणारी यंत्रं एका झोपाळ्यावर बसल्यासारखी झुलतात. एकूण एकतीस तुकडे, बहुतेक दोन मिनिटांच्या आतले. पहिल्या तुकड्याचं नाव 'आउट्रो', म्हणजे शेवट, आणि शेवटचा तुकडा पुन्हा पहिल्याला जाऊन मिळतो.

तेव्हा डिला फार आजारी होता. रक्ताचा दुर्मीळ विकार, वर ल्युपस हा दुसरा आजार. बोटं सुजून कडक व्हायची, तेव्हा आई मॉरीन त्याची बोटं चोळून मोकळी करायची, म्हणजे तो पुन्हा वाजवू शकेल. ७ फेब्रुवारी २००६ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, 'डोनट्स' निघाला. तीन दिवसांनी तो गेला. त्याची एमपीसी आज वॉशिंग्टनला आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवली आहे. त्या रबरी चौकोनांचे फोटो बघताना मला यंत्र दिसत नाही, त्या आईचे हात दिसतात.

आता दवाखान्याचं सांगतो.

अतिदक्षता विभागात सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं आत सोडायचे. आईच्या तर्जनीला तो चिमटा होता, लाल उजेडाचा. मॉनिटर तिच्या नाडीबरोबर वाजायचा. शेजारच्या खाटेवर श्वासाचं यंत्र होतं, त्याची लय अगदी संथ, फुस्स करून भरायचं आणि सोडायचं. आणि औषध सोडणारा पंप मधूनच तीनदा ओरडायचा. तीन वेगळ्या लयी. पहिल्या दिवशी मला ते सहन होईना. तिसऱ्या दिवशी खाटेच्या दांडीवर माझी बोटं आपोआप चालायला लागली. सातआठ आवर्तनांनी एकदा तिन्ही आवाज एका जागी यायचे, सम यायची, आणि पुन्हा फाटायचे. आईनं डोळे उघडले, माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि चिमटा लावलेलं बोट चादरीवर एकदा आपटलं. एकदाच. समेवर.

त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी फ्लाइंग लोटसचा 'कॉस्मोग्रामा' ऐकला. याचं खरं नाव स्टीव्हन एलिसन, राहणारा लॉस एंजेलिसचा, डिलाच्या वाटेवरूनच पुढे गेलेला. २००८ साली त्याची आई गेली. तिच्या अखेरच्या दिवसांत त्यानं खोलीतल्या यंत्रांचे आवाज, श्वासाचे, नाडीचे, रेकॉर्ड करून ठेवले आणि २०१०च्या या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात ते घातले. त्या गाण्याच्या नावात 'जानकी' आहे. मी ते गाणं किती वर्षं ऐकत होतो, आणि मला ते नुसतं सुंदर वाटायचं. त्या रात्री बाकावर मला ते संपेपर्यंत ऐकवलं नाही.

जानकी हे नाव तिकडे कुठून आलं असेल, असा प्रश्न तुला पडला असणार. त्याचं उत्तर तुला सर्वांत जास्त आवडेल. फ्लाइंग लोटसची आजी मॅरिलिन मॅकलाउड मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीसाठी गाणी लिहायची, आणि तिची बहीण म्हणजे ॲलिस कोल्ट्रेन. जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची बायको, हार्प आणि पियानो वाजवणारी, तीही डेट्रॉइटचीच, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढलेली. नवरा गेल्यावर ती अध्यात्माकडे वळली, भारतात येऊन गेली, स्वामिनी तुरीयसंगीतानंद झाली. कॅलिफोर्नियात अगौरा हिल्सला तिचा आश्रम होता. दर रविवारी तिथे भजन व्हायचं. भजन, बाळा! आपल्यासारखंच, टाळ्या वाजवत, टाळ घेऊन. पण ती ऑर्गनवर चर्चमधले सूर धरायची आणि सिंथेसायझरवर असा एक लांब मींडेसारखा आवाज काढायची की वाटावं छप्पर उडालं. १९८२ साली तिनं भजनांची कॅसेट काढली, भक्तांपुरती. ज्या वर्षी ब्राँक्समध्ये 'प्लॅनेट रॉक' वाजत होतं, त्याच वर्षी. तो आश्रम २०१८च्या वणव्यात जळाला. पण लहानपणी फ्लाइंग लोटस तिथे बसून भजनं ऐकायचा, आणि 'कॉस्मोग्रामा' हा शब्दसुद्धा ॲलिसच्या प्रवचनातला 'कॉस्मिक ड्रामा' चुकीचा ऐकल्यामुळे झाला.

लॉस एंजेलिसला दर बुधवारी 'लो एंड थिअरी' नावाची मैफल भरायची, २००६ पासून २०१८ पर्यंत. एका साध्या बारमध्ये, पण बास असा की बरगड्या थरथराव्यात. पोरं आपापल्या पेट्या घेऊन यायची आणि एकमेकांसमोर नवीन माल वाजवायची. तिथले वर्णन वाचताना मला आपला मांडव आठवतो. समोरासमोर दोन बुवा, आणि कोण काय उत्तर देतो याकडे डोळे लावून बसलेली माणसं.

आपल्याकडेही हे चाललंय. मुंबईतल्या 'स्वदेशी' या हिप-हॉप गटाच्या पोरांनी आरेच्या जंगलावर गाणं केलं, त्यात तिथल्याच प्रकाश भोईर यांचं वारली गाणं आहे, मराठी रॅप आहे, आणि खाली जाड इलेक्ट्रॉनिक बास. मला त्यात भोईरांचा आवाज आणखी मोठा हवा होता. पण ऐक तू.

एक कबूल करतो. या प्रकारातलं पुष्कळ संगीत मला आवडत नाही. नुसता आवाज कापून चिकटवला आणि भिंतीवर आपटला की तो प्रयोग, असं नाही. ज्यात कुणाचं तरी बोट कळतं तेच मला पुन्हा ऐकावंसं वाटतं. तू शिमग्यात विचारलेल्या प्रश्नानंच मला हे वेगळं काढायला शिकवलं.

दिवाळी झाली की इकडे ये. पखवाज घेऊन ये. माझ्या खोलीत दोन माईक लावून ठेवतो, एक शाईकडे, एक धुम्याकडे. तासभर तुला हवं ते वाजव. टिकटिक करत लय धरणारा मेट्रोनोम लावणार नाही, आणि नंतर एकही ठोका जागेवरून हलवणार नाही. त्याच्याखाली मी हळूच ८०८चा घुमारा सोडेन. आवडला नाही तर तिथल्या तिथे पुसून टाकू.

कणीक आईच मळणार म्हणते. तिच्या बोटांत अजून जोर नाही, मी रोज संध्याकाळी थोडी चोळून देतो. तोवर येईल म्हणते.

तुझा,
आबा