टिकमार्क त्यांची, भुर्दंड आपला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वापरलेल्या गाड्यांच्या शोरूममध्ये काचेवर ‘सर्टिफाइड’चा स्टिकर असतो आणि त्या एका शब्दापायी गिऱ्हाईक एजंटाकडच्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजतो. दोन-तीन महिन्यांत गिअरबॉक्स गुणगुणू लागला किंवा कूलंटची टाकी रिकामी दिसू लागली, की काउंटरवर ठरलेले वाक्य ऐकू येते, ‘साहेब, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.’ पुढे वाद चिघळतो. त्यात गिऱ्हाईक मागे पडतो तो बहुधा कायद्यामुळे नाही. गाडी वर्कशॉपमध्ये सोडताना जे लिहून घ्यायचे ते राहून गेलेले असते.

पहिली गफलत होते ती वॉरंटी आणि प्रमाणपत्र एकच समजण्यात. वॉरंटीच्या पुस्तिकेत सहसा इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग असतात; क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे बुश वगळलेले असतात. डीलर सगळे बोलणे या पुस्तिकेवर नेतो, कारण तिथे तो सुरक्षित असतो. प्रमाणपत्र ही वेगळी चीज आहे. विक्रीच्या दिवशी गाडी कशी होती, याचे ते डीलरनेच केलेले विधान आहे. क्लच वॉरंटीत नाही हे मान्य. पण तपासणी तक्त्यावर ‘क्लच – ठीक’ अशी टिकमार्क असेल आणि ९०० किलोमीटरमध्ये क्लच घसरू लागला, तर तपासणी झालीच नव्हती की झाली आणि लपवली, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून जाहिरातीतले ‘दोनशे मुद्दे’ मोजत बसू नये. आपल्या गाडीचा चेसिस नंबर, त्या दिवशीचे किलोमीटर आणि तपासणाऱ्याची सही असलेला तक्ता डिलिव्हरीच्या वेळीच मागावा. तेव्हा राहिला असेल तर ई-मेलने मागावा. ‘देता येत नाही’ हे उत्तरही पुढे कामाला येते, फक्त ते लेखी हवे.

दुसरा कागद म्हणजे जॉबकार्ड. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत ‘जनरल चेकअप’ किंवा ‘आवाज येतो’ असे टाइप करतो. त्यावर सही करू नये. तक्रार मोजमापात लिहून घ्यावी: ‘थंड इंजिनवर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ५० च्या वेगात घरघर, ८०० किलोमीटरमध्ये कूलंट अर्धा लिटर कमी, बाहेर गळती दिसत नाही.’ आत येतानाचे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा लिहिला आहे ना, हेही बघावे. हेच काम दोनदा-तीनदा झाले तर दर वेळी नवे जॉबकार्ड हवे. जुन्यावरच काम ढकलले, की कागदावर दोष एकदाच घडलेला दिसतो.

गाडी तापली असेल तर दिवा लागल्यावर ती पुढे रेटू नये. हेडगॅस्केटच्या (इंजिनाचे वरचे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलच्या) वादात डीलरचा पहिला बचाव हाच असतो की तापलेली गाडी चालवल्याने हेड वाकले. डॅशबोर्डचा फोटो घ्यावा, टोइंग करून न्यावी आणि टोइंगच्या पावतीवर वेळ टाकून घ्यावी.

खरी कसोटी इंजिन उघडण्याआधी लागते. एकदा हेड काढले, की आधीची अवस्था सांगणारे काही शिल्लक राहत नाही. म्हणून तेल आणि कूलंट काढण्यापूर्वी दोन्हींचे नमुने प्रत्येकी दोन स्वच्छ बाटल्यांत घ्यावेत, झाकणावर दोन्ही बाजूंच्या सह्या कराव्यात, एक जोडी आपल्याकडे ठेवावी. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी) करून सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून घ्यावेत. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, बघायचा असतो तो आपसातला फरक. एखादे सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५-२० टक्के खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचे बोअर झिजले आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे बघायचे. शेजारची दोन सिलिंडरे एकदम पडली असतील तर संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर. झिजलेल्या रिंगा तीन महिन्यांत तयार होत नाहीत, आणि हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

उघडणावळीचा खर्च कोणाचा, हेही आधीच ठरवावे. वर्कशॉप कोऱ्या संमतीपत्रावर सही मागते आणि मग ‘दोष कव्हरमध्ये बसत नाही’ म्हणून सुट्या केलेल्या इंजिनाचे बिल गिऱ्हाइकाच्या हातात ठेवते. जॉबकार्डवर एक ओळ लिहावी: ‘दोष विक्रीपूर्वीचा किंवा वॉरंटीतला निघाल्यास उघडण्या-बसवण्याचा खर्च डीलरचा, काढलेले भाग लेबल लावून राखून ठेवावेत.’ भंगारात गेलेला पिस्टन पुरावा म्हणून परत येत नाही.

स्कॅनरबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे बऱ्याच जणांना माहिती नसते. २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडीचे, म्हणजे स्कॅनर जोडायचे, सॉकेट असते. वर्कशॉप बिघाडाचे फॉल्ट कोड वाचून दाखवते, पण बऱ्याच गाड्यांचा ईसीयू (इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक) आणखी एक आकडा ठेवतो: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. गाडी घेऊन १,४०० किलोमीटर झाले असताना हा आकडा १,४२० असेल, तर कोड डिलिव्हरीच्या तोंडावर पुसले गेले आहेत. बॅटरी सोडवल्यानेही काही गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो आणि डीलर तेच सांगेल. मग बॅटरी कधी, का काढली याची नोंद त्याने दाखवावी. स्कॅनचा प्रिंट कोड पुसण्याआधी घ्यायचा. सर्व्हिस बेवरचा मुलगा हाताच्या सवयीने आधी कोड पुसतो.

बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफचा वाद हमखास येतो. काजळीचा हा फिल्टर गरम इंजिनावर, सलग चालीत स्वतःला जाळून साफ करतो. पुण्या-ठाण्याच्या गर्दीत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेल्या गाडीत हे जाळणे अर्धवट राहते, काजळी साचते, जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी चक्क वाढलेली दिसते. काजळी जळते, तेलातून येणारी राख जळत नाही, ती वर्षांनी साचते. स्कॅनरवर राखेचा आकडा वेगळा दिसत असेल तर तो लिहून घ्यावा. पाच-सहाशे किलोमीटरच्या वापरात फिल्टर राखेने भरत नाही, त्यामुळे ‘तुमच्या ड्रायव्हिंगमुळे झालं’ हे उत्तर तिथेच संपते.

पुरात बुडालेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९ ला आणि चिपळूण-महाडला जुलै २०२१ ला पाणी चढले, तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत गेल्या ते सर्वांनी पाहिले. अशी गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहिली तर वरून कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून तळाचा पट्टा बघावा, स्टेपनीच्या खळग्यात आणि सीटच्या रुळांवर गंज बघावा, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिना हिरवट झाल्या आहेत का बघावे. आधीच्या मालकाच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनसही बोलका असतो. पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर क्लेम घेतला असण्याची शक्यता मोठी. पॉलिसी मध्ये खंडित झाली असेल तरी तसे दिसते. पण विचारायला जागा आहे.

आता विकणारा नेमका कोण? काही ठिकाणी शोरूम पावती देते, पण विक्रीचा कागद जुन्या मालकाच्या नावाने करते आणि वाद झाला की ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने ही पळवाट बरीच बुजवली. वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र लागते, ते पाच वर्षे चालते. आणि जुन्या मालकाने फॉर्म २९-सी द्वारे गाडी सोपवल्याची सूचना दिली की डीलर त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो. बिल कोणाच्या नावाचे आहे ते पैसे देण्याआधी वाचावे. परिवहन विभागाने याच टप्प्यावर तपासणी तक्ता आणि स्कॅनचा प्रिंट जोडणे बंधनकारक केले तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत. आज तशी सक्ती नाही, ही आमची मुख्य तक्रार.

तोंडी बोलणे संपले की डीलर, ज्या ब्रँडच्या नावाने प्रमाणपत्र आहे ती कंपनी आणि वॉरंटी वेगळ्या कंपनीची असेल तर ती, अशा तिघांना १५ दिवसांची लेखी नोटीस पोच मिळेल अशा टपालाने द्यावी. एकाला वगळले की बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथून आदेश निघत नाही, पण कंपनीच्या मुख्यालयाला जाग येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीचे दावे तिथे चालतात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. डीलर नाशिकचा आणि तुम्ही साताऱ्यात राहत असाल तर साताऱ्यात दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तपासणी लागणारे प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढावे असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून सनदी अभियंत्याचा किंवा परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल आधीच जोडलेला बरा. ‘गाडी जशी आहे तशी विकली’ या बिलामागच्या बारीक ओळीला घाबरू नये. काचेवर सर्टिफाइड आणि पाठीमागे ‘जशी आहे तशी’, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मात्र ती अट ‘अन्याय्य करार’ म्हणून रद्द करून मागायची असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. जिल्ह्यात मांडणी सदोष माल, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा अशीच ठेवावी.

बरेच वाद त्याआधीच मिटतात आणि तिथेही एक खोच असते. तयार गाडीच्या किल्ल्या देण्याआधी ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असे छापलेल्या कागदावर सही मागतात. आधी फोरमनला शेजारी बसवून वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, घाट जवळ असेल तर घाटात न्यावी. मग ‘समाधान’ खोडून ‘गाडी ताब्यात मिळाली’ असे लिहावे, बदललेल्या भागांचे नंबर बिलावर आहेत का पाहावेत आणि त्या भागांवर किती महिने व किती किलोमीटरची हमी आहे, ते त्याच कागदावर शिक्क्यासह लिहून घेऊन सही करावी.

आपले,
वाहनदुरुस्ती व्यवसायातील दोन निवृत्त वर्क्स मॅनेजर, चिंचवड