दोरी ओढून सुरू होणारं जेट

म्युनिक, रविवार

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

खांदा कसा आहे? फोनवर तुम्ही "बरा आहे" म्हणता आणि मागून आई वेगळंच सांगते.

आज इथल्या डॉइचेस म्युझियममध्ये गेलो होतो. महायुद्धातलं मेसरश्मिट २६२ बघितलं, लढाईत उतरलेलं पहिलं जेट फायटर. सगळे विमानाचे फोटो काढत होते, मी इंजिनाच्या तोंडात वाकून बघत बसलो. तुमचाच मुलगा! तिथं मधोमध एक कडी असते. जेट फिरवायला आत दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि ते दोरी ओढूनही सुरू करता यायचं. थेट आपला फवारणीचा पंप!

विमानाचा सांगाडा आधी तयार झाला, इंजिनाचा पत्ता नाही. म्हणून एप्रिल १९४१ मध्ये नाकात साधं पंख्याचं इंजिन बसवून उडवलं. पुढच्या मार्चमध्ये बीएमडब्ल्यूची दोन जेट लावली, पण नाकातलं जुनं काढलं नाही. तेच कामाला आलं, कारण दोन्ही जेट हवेतच बंद पडली. पायलट फ्रिट्झ वेंडेल जुन्या इंजिनावर खाली आला.

मग युंकर्स कंपनीची जेट इंजिनं आली. १८ जुलै १९४२, ऊल्मजवळचं लाइपहाइम. आता नाकात काही नाही, नुसती जेट. चाक शेपटीखाली, त्यामुळे शेपूट जमिनीलगत. तिच्यावर हवा खेळेना आणि ती उचलेना. धावपट्टी तर संपत आलेली. उपाय काय, तर ताशी १८० किलोमीटरच्या वेगात ब्रेकला जरासा पाय लावायचा! नाक खाली झुकलं, शेपूट वर आली आणि विमान उडालं. पुढं त्यांनी चाक नाकाखाली नेलं.

खरं दुखणं मालाचं. उष्णता झेलणाऱ्या पोलादाला लागणारं निकेल, क्रोमियम मिळेना, म्हणून जळणाच्या नळकांड्या साध्या पोलादाच्या, वर ॲल्युमिनियमचा लेप. इंजिनाचं सगळं आयुष्य १० ते २५ तासांचं. थ्रॉटल झटक्यात पुढं केला तर इंजिनाला आग लागायची, नाहीतर ते विझायचं. डेपोत अशी गाडी आली असती तर तुम्ही साहेबांना काय ऐकवलं असतं, ते मला तिथं उभ्या उभ्या ऐकू आलं. हिटलरनं "बॉम्बर करा" म्हटलं म्हणून उशीर झाला असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. १९४४ च्या मध्यापर्यंत इंजिनंच पुरेशी निघत नव्हती.

आणि एक. ऑस्ट्रियात गुसेनच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून आधी बोगदे खणून घेतले, मग त्याच बोगद्यांत या विमानाचे सांगाडे बनवून घेतले. त्या छावणीत हजारो माणसं मेली. हे आठवल्यावर मी फोटो काढलाच नाही.

आईला सांगा, थंडी आहे पण स्वेटर घालतो. आणि द्राक्षांची फवारणी आली असेल, तर पंपाची दोरी तुम्ही ओढू नका. शेजारच्या पोराला हाक मारा.

तुमचा,
बाळू