साखर तपासता, हिरड्याही तपासा

संपादक महोदय,

आमच्या भागात चाळिशीतच दात हलायला लागले, की ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून माणसं गप्प बसतात. हे अर्धंच खरं आहे. जुळ्या भावंडांवरच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिरड्यांच्या आजाराबाबत माणसामाणसांत दिसणारा सुमारे निम्मा फरक आनुवंशिक आढळला. उरलेल्या निम्म्यात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), मधुमेह आणि दातांवर साचलेलं कीटण येतं, आणि त्यावर इलाज आहे. खर्रा तर गावोगाव पोरासोरांच्या तोंडात आहे, याची फार चिंता वाटते.

हिरड्यांची सूज तोंडापुरती राहत नाही. रक्तात सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन, वाढतं. मधुमेहींच्या हिरड्यांवर उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारं रक्तातलं प्रमाण) साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरतं. गोळ्या घेऊनही साखर न हटणाऱ्यांसाठी हे थोडं नाही.

उपकेंद्रांत तिशीपुढच्यांची साखर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी ठरलेलीच आहे. तोंड पाहतानाच हिरड्यांतून रक्त येतं का, आईवडिलांचे दात लवकर पडले का, हे विचारून नोंदवावं आणि अशा रुग्णांना दंतवैद्यांकडे पाठवावं, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, दारव्हा (जि. यवतमाळ)