काकू, आडव्या पडलेल्या 24 रोपांसाठी आभार

प्रिय काकू,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बोला.

पहिल्या खेपेला अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये आम्ही टोमॅटोचं बी लावलं होतं. आठवड्याभरात उगवलं आणि पुढच्या तीन दिवसांत 24च्या 24 रोपं आडवी. देठ मातीला टेकतो तिथे दोऱ्यासारखा बारीक आणि काळपट. धाकटी हमसून रडत होती. मी तिच्या नकळत तयार रोपं आणून ट्रेमध्ये खोचायला निघाले होते (हो, खरंच!) आणि जिन्यात तुम्ही भेटलात.

तुम्ही वर आलात, पण ट्रेला हातही लावला नाहीत. तिला म्हणालात, “माती चिमटीत धरून दाब बघू.” पाणी टपकलं. “दिवसातून किती वेळा घालतेस?” “चार.” “आणि ही वरची पिशवी?” ती आम्ही काढलीच नव्हती. कोंब वर येईपर्यंत ओल धरायला पिशवी ठीक, नंतर वारा हवा, नाहीतर बुरशी देठच खाते. हे तुम्ही सांगितलं नाहीत, तिच्याकडून वदवून घेतलंत. मला ती दहा मिनिटं फार जड गेली. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि तुम्ही डोळ्यांनी गप्प बसवत होतात.

दुसऱ्या खेपेला रद्दीचा डबा मुलांनीच उपसला. आइस्क्रीमच्या डब्यांना तळाशी भोकं पाडली. ते काम तेवढं माझं. टॉयलेट पेपरच्या नळीला एका टोकाला चार काप देऊन खोक्यासारखं दुमडलं की तळ तयार होतो. घेवडा त्यात लावायचा, कारण त्याच्या मुळांना हलवलेलं खपत नाही आणि नळीसकट जमिनीत ठेवता येतो. फक्त तळ उघडायचा आणि मातीवर उरलेली कड फाडून टाकायची, नाहीतर ती ओल शोषून वर उडवते. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. पाणी ताटलीत ओतायचं, खालून जेवढं लागेल तेवढं माती ओढून घेते.

घेवडा उगवला त्या सकाळी दोघं जमिनीवर पालथी पडून बघत होती. मान वाकवून, पाठीनं माती उचलत तो वर येत होता, डोक्यावर बियाची साल टोपीसारखी अडकलेली. थोरल्याला ती काढायची होती. धाकटीनं त्याचा हात धरला आणि अगदी तुमच्या आवाजात म्हणाली, “थांब, त्याला काढू दे.”

विरळणी मात्र तिला जमली नाही. एका कप्प्यात दोन रोपं असली की एक कात्रीनं कापायचं, हे तिला अन्यायाचं वाटतं. मलाही वाटतं. शेवटी थोरल्यानं डोळे मिटून कापली.

आता आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ रोपं गॅलरीत उन्हाला ठेवतोय. तुमच्या दारात उद्या जो डबा दिसेल, तो धाकटीचा. पट्टीवर नाव पेन्सिलनंच लिहिलंय, पेनाची शाई उन्हात उडते ना. रोपाचं नाव नाही, तुमचं आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची