रायफल घेऊ, पण आधी डोळा बघू

प्रिय छकुली,

परवा फोनवर रुसून बसलीस म्हणून लिहायलो. रायफल घ्यायची नाही असं मी म्हणलोच नव्हतो, त्या मोठ्या दीदीकडं आहे तीच जर्मन रायफल पाहिजे ह्याला नाही म्हणलो. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात ब्राँझ आणलं तेव्हापासनं ज्याला त्याला एकदम वाल्थर ही जर्मन कंपनीचीच पाहिजे (त्याची तर ५० मीटरची, पॉइंट टू टू म्हणजे गोळीची, लायसनवाली, तुझ्या १० मीटरच्या एअर रायफलीशी तिचा काय संबंध!). सोयाबीनचा भाव तुला माहितीच आहे, पण पैशाचं राहू दे बाजूला.

मोठ्यांची मॅचची रायफल चार-साडेचार किलो भरते, नियमानं साडेपाच किलोपर्यंत चालते. ती उभ्यानं धरून ६० शॉट मारायचे, सव्वा तासात. तुझ्यासारख्या बारीक पोरीनं उचलली की कंबर पुढं जाते, पाठ नको तेवढी मागं वाकते, अन् ती सवय एकदा लागली की कोचचा बाप आला तरी निघत नाही. फौजेत चांगल्या दणकट गड्यांची बघितलीय मी.

वजनाबरोबर लांबी बघायची. बट, म्हणजे रायफलीचा मागचा भाग, खांद्याला टेकवला की बोट ट्रिगरवर आरामात गेलं पाहिजे, मान ताणायची नाही, गाल आपोआप चीकपीसवर (गाल टेकवायच्या पट्टीवर) बसला पाहिजे अन् डोळा सरळ पीपसमोर, म्हणजे नेम धरायच्या बारीक भोकासमोर. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतंय का ते बी बघ. बट प्लेट अन् चीकपीस सरकणारी असली की झालं, तू वाढायलीस ना, नुसतं ॲलन की फिरवायची. नेमबाजीचं जॅकेट मात्र आखूड होणारच, त्यामुळं ते आत्ताच महागातलं नको.

अजून एक. दिवाळीत तू सुईत दोरा ओवायलीस तेव्हा उजवा डोळा मिटला होतास. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा जोरकस असू शकतो. दोन्ही हात लांब कर, तळव्यांमधी बारीक खिडकी ठेव, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातनं भिंतीवरचं घड्याळ बघ, मग एकेक डोळा मीट. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीतच दिसतंय तो तुझा नेमाचा डोळा. डावा निघाला तर सरांना विचार, डाव्या खांद्यावर शिकायचं का उजव्यावरच ठेवून डाव्या डोळ्यापुढं पट्टी लावायची. हे ठरायच्या आधी रायफल घेणं येडेपणा आहे, कारण ग्रिप अन् चीकपीस डाव्या-उजव्याचं येगळं येतं, अन् दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथं चुकीच्या डोळ्यानं काय दिसणार.

स्प्रिंगवाली स्वस्त पडते पण दर शॉटला ताणायला जोर लागतो, शिवाय छर्रा नळीत असतानाच आतला पिस्टन धक्का देतो. त्यापेक्षा आपल्याकडं बनलेली पीसीपी बरी, म्हणजे सिलेंडरमधी आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. सेकंडहँड मिळाली तर आधी सिलेंडरवरची तारीख वाच, बनून दहा वर्षं झाली असतील तर मॅचला चालत नाही, विकणारा काही का सांगेना.

लायसनची भीती आजीला वाटायली, तिला सांग की नळी .१७७ ची अन् छर्र्याचा जोर वीस जूलच्या आतला असला तर लागत नाही. पण म्हणून गावाकडं आणून होल्यांवर नेम धरायचा नाही, बंट्यानं कितीबी हट्ट केला तरी. घरी आली की रायफल येगळ्या कुलुपात, छर्रे येगळ्या. अन् छर्रे शिशाचे असतात, हात साबणानं धुतल्याशिवाय डब्यातली भाकर उचलायची नाही.

रविवारच्या एसटीनं येतो, टेप घेऊन. तोवर क्लबच्याच रायफलीवर मार, अन् सरांनी तुझ्यासाठी बट कितीवर ठेवलाय ते वहीत लिहून ठेव. आईनं शेंगदाण्याची चटणी केलीय, आणतो.

तुझे,
बाबा