मावशी, "हो का?" शिकवल्याबद्दल

आदरणीय मावशी,

समोर बसून आभार मानले तर तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलाल, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. आपल्याकडून नर्सिंगसाठी इंग्लंडला येणाऱ्या मुलींनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मिरजेहून निघाले तेव्हा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याला ७ बँड होते. आवडत्या सणावर २ मिनिटं न अडखळता बोलले होते मी. आणि लीड्सला आल्यावर वॉर्डातल्या पहिल्याच सुट्टीत तोंडातून शब्द फुटेना. सोबतच्या नर्सने जाता जाता "यू ऑल राइट?" विचारलं, तर मी तिला झोप न लागल्याचं, डोकं दुखत असल्याचं सविस्तर सांगत बसले. ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. "ब्रू" म्हणजे चहा, "पूअर्ली" म्हणजे आजारी, हे कुठल्याच क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

त्यातलं सगळ्यात जिव्हारी लागलं ते त्या आजोबांचं. ते हळूच म्हणाले, "आय नीड टू स्पेन्ड अ पेनी." मी त्यांच्या कपाटात पैशांचं पाकीट शोधत राहिले. त्यांना लघवीला जायचं होतं. उशीर झाला, चादर ओली झाली आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या रात्री खाली तुमच्या स्वयंपाकघरात येऊन मी रडले.

तुम्ही आधी भात वाढलात. मग सांगितलंत, की पूर्वी इथल्या सार्वजनिक शौचालयांच्या दाराला एक पेनी टाकावी लागायची, म्हणून जुनी माणसं अजून तसं म्हणतात. आणि म्हणालात, "आपण शेजाऱ्याला 'काय, कुठे निघालात?' विचारतो, तेव्हा आपल्याला पत्ता हवा असतो का? 'यू ऑल राइट' तसंच. 'यॅ, यू?' म्हणायचं आणि पुढे जायचं." इतकी वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढत तुम्ही ही भाषा कमावलीत. परीक्षा एकही दिली नाहीत. पण माझ्या इंग्रजीतलं नेमकं काय अडतंय ते तुम्हालाच कळलं.

ते म्हणजे "हो का?". मराठीत समोरचा काहीही सांगो, आपण "हो का?", "अगं बाई!" म्हणतो आणि गप्पा पुढे सरकतात. इंग्रजीत मी नुसती मान हलवायची किंवा प्रत्येक वाक्याला "ओके" म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, हिला घाईच आहे. तुमचं म्हणणं, इथला "हो का?" समोरच्याच्या क्रियापदातून उचलायचा. "आय वेन्ट टू टाउन" म्हणाले की "डिड यू?", "शीज नॉट वेल" म्हणाले की "इजन्ट शी?", "आय हॅव गॉट नाइन ग्रँडचिल्ड्रन" म्हणाले की "हॅव यू?". ऐकायला सोपं वाटतं, पण बोलताना विचार करायला वेळच नसतो. म्हणून तुम्ही मेथी निवडत एकेक वाक्य टाकायचात आणि पुढची काडी हातात घ्यायच्या आत मी उत्तर द्यायचं. किती जुड्या निवडल्या असतील आपण!

"व"चंही तसंच. इंग्रजीत डब्ल्यू आणि व्ही वेगळे, मराठीत दोन्हींना एकच अक्षर, त्यामुळे कान फरकच करत नाही. तुम्ही बशीतल्या चहावर फुंकर मारायला लावलीत आणि म्हणालात, "हे बघ, असा ओठांचा चंबू झाला की वॉर्ड, वॉटर, वॉश. आणि वरचे दात खालच्या ओठावर टेकले की व्हेन, म्हणजे शीर, आणि व्हॉमिट." माझ्या कामातलेच शब्द निवडलेत. चारचौघांत मला कधी दुरुस्त केलं नाहीत, घरी आल्यावरच सांगायचात. त्याचं मोल मला फार आहे.

एक मात्र मी सोडणार नाही म्हणाले होते, माझा मराठी हेल. तुम्ही म्हणालात, सोडूही नकोस, तो कुणाला नडत नाही.

गेल्या मंगळवारी वॉर्डात एक आजी आल्या. दोन दिवस कुणाशी बोलत नव्हत्या. मी उशी नीट करत होते, तर म्हणाल्या, "माय सिस्टर लिव्ह्ज इन व्हिटबी." माझ्या तोंडून सहज निघालं, "डज शी?" त्यांनी मान वळवली. मग बहिणीचं समुद्राकडे तोंड असलेलं घर, लहानपणी दोघी मोजत चढायच्या त्या चर्चच्या १९९ पायऱ्या, बहिणीचा गेल्या वर्षी वारलेला नवरा, असं सगळं सांगत गेल्या. मी अधूनमधून "वॉज ही?", "डिड यू?" एवढंच म्हणत होते. चहा आला तेव्हा त्यांनी तो घेतला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मावशी, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तुमची मेथीची परडी होती.

दिवाळीत सुट्टी मिळालीय. आईने मिरजेहून भाजणी पाठवलीय, सोऱ्या मात्र तुमचाच लागेल. शनिवारी सकाळीच खाली येते.

तुमची,
वरच्या खोलीतली